भीक नव्हे, हक्क : अडचणीच्या काळातली सरकारी मदत आणि आपले आरोग्य

उमरठ म्हटले की महाराष्ट्राला नरवीर तानाजी मालुसरे आठवतात. पोलादपूर तालुक्यातल्या या गावात त्यांची समाधी आहे. स्मृतिदिनाला तिथे माणसांची रीघ लागते, भाषणे होतात, गाड्या परत फिरतात. बाकीचे दिवस हा सारा पट्टा शांत असतो. वर सह्याद्रीचा कडा, खाली भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरीचे तुकडे. तरणी माणसे मुंबईत, सुरतेत, पुण्यात. वाड्यांवर राहिले आहेत ते म्हातारे, विधवा बाया, गुडघे धरून चालणारी माणसे आणि ज्यांना शहराने आजारी करून परत पाठवले ते.

या भागातल्या बौद्धवाड्यांवर आरोग्याची विचारपूस करायला बसले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "आमी कोनाच्या दारात गेलो नाय." म्हातारी हे अभिमानाने सांगते. तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपून महिना झालेला असतो. ज्वारी-तांदूळ आहे, पण डाळ नाही. नवऱ्याला जाऊन सात वर्षे झाली, पण निराधार योजनेचा अर्ज भरलेला नाही. का नाही भरला, असे विचारले की पुन्हा तेच वाक्य.

या वाक्याला आम्ही हसत नाही, कारण त्यामागे इतिहास आहे आणि तो याच मातीतला आहे. उमरठहून पोलादपूर आणि पोलादपूरहून महाड फार लांब नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. या डोंगरपट्ट्यातली कितीतरी माणसे तेव्हा भाकऱ्या बांधून पायी गेली. बाबासाहेबांनी तिथे नुसती तळ्याची गोष्ट केली नाही. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका, स्वतःच्या पायावर उभे राहा, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. घरोघर फिरून भाकरी गोळा करणे ही तेव्हा महारकीची रीत होती. गाव त्याला हक्क म्हणे, पण देताना लांबून टाकी. ती भाकरी आपल्या आजा-पणजांनी सोडली. उपाशी राहून सोडली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे बिल आणले, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. मधली तीस वर्षे आपल्या माणसांनी कायद्याची वाट न पाहता ती रीत मोडून काढली.

ज्या समाजाने मागून खाणे सोडून माणूसपण मिळवले, त्याच्या म्हातारीला तहसीलदाराच्या दारात अर्ज घेऊन उभे राहताना लाज वाटणारच. आमची तक्रार तिच्या स्वाभिमानाबद्दल नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी होती ती तिने कधीच सोडून दिली आहे, आणि आता जिची लाज वाटते ती मुळात भीक नाहीच.

हा फरक समजून घ्यायला चवदार तळ्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा तो ठराव. दवाखान्यांत, हा शब्द आरोग्य पानाच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. पुढे महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते आणि काठावर बंद होते. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी तेव्हा चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. आपल्याच तळ्याच्या गावात. दुसऱ्या दिवशी सगळे मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तळे नगरपालिकेचे आहे, सबब आमचेही आहे, एवढाच त्यांचा दावा होता. विरोधक कोर्टात गेले, तळे खासगी आहे म्हणाले. दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

त्या दिवशी काठावर कुणी कुणाकडे पाणी मागितले नाही. निराधार पेन्शन, रेशन, सरकारी दवाखाना यांचे तसेच आहे. ते तळे सार्वजनिक पैशाचे, आणि हेही सार्वजनिक पैशाचे. आपण मीठ घेतो, साबण घेतो, एसटीचे तिकीट काढतो, काडेपेटी घेतो, त्या प्रत्येकात कुठे ना कुठे कर भरतो. खाचरात राबून पिकवतो, मुंबईत गटारे साफ करतो, इमारती बांधतो. तिजोरीत आपलाही हात आहे. पुढे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने राज्यघटना लिहिली, तेव्हा त्यात कलम ४१ आले. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक सहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे उपलब्ध करून द्यावा, असा त्याचा आशय आहे. कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, त्यांवर थेट कोर्टात दावा लावता येत नाही, हे खरे. पण सुप्रीम कोर्टाने पुढे जगण्याच्या हक्काचा अर्थ माणसाच्या प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क असा लावला. १९८५ सालच्या मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविका हा जगण्याचाच भाग आहे, असे कोर्टाने म्हटले. प्रास्ताविकेत बंधुतेच्या ओळीत व्यक्तीची प्रतिष्ठा आहे, ती उगाच नाही.

मदत देणाऱ्यांनी प्रतिष्ठा कशी मोडली, याची उदाहरणे जगभर आहेत. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्याने ठरवले की मदत हवी तर वर्कहाउसमध्ये या. तिथे नवरा-बायको वेगळे, मुले वेगळी, अंगावर तिथले कपडे, आणि जेवण असे की बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराला तिथे यावेसे वाटू नये. तीच नजर आपल्याकडे आली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी धान्य आणि वर थोडी नाणी पुरतील, असे ठरवले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय कारणे देऊन त्याला विरोध केला. मुंबई इलाख्यातल्या भुकेल्या मजुरांनी त्या मजुरीवर काम नाकारले. त्याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी अन्नछत्रे चालवली. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीमाईंना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. आपल्याकडे मदतीची परंपरा दोन्ही प्रकारची आहे, कुठली घ्यायची ते आपण ठरवायचे.

इंग्लंडची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०८ मध्ये तिथे वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. रक्कम लहान होती. पण ती गरीब कायद्याच्या अधिकाऱ्यांकडून न देता पोस्टातून दिली गेली. ज्या खिडकीवर सगळे गाव तिकिटे घ्यायला जाते त्याच खिडकीवर म्हातारी आपले पैसे घेऊ लागली. खिडकी बदलली आणि लाज बरीच गेली. आपल्याकडे पेन्शन बँक खात्यात येते, ही म्हणूनच लहान गोष्ट नाही. मधला माणूस जितका कमी, तितकी मान ताठ.

आता आरोग्याकडे येऊ, कारण लाजेचे दुखणे शेवटी शरीरात उतरते. मदत न घेणारे घर पहिली काटकसर औषधात करते, दुसरी डाळीत आणि तिसरी घरातल्या बाईच्या ताटात. ब्लडप्रेशरची गोळी "बरे वाटतेय" म्हणून थांबवली जाते. या आजारात बरे वाटणे आणि बरे असणे यांचा संबंध नसतो. वर्ष-दोन वर्षांनी एके सकाळी अर्धे अंग लुळे पडते, आणि महिन्याच्या गोळ्या न घेणाऱ्या घराला मग गाडीभाडे, मुंबईची वारी आणि कमावत्या मुलाची रजा या सगळ्यांचा भार उचलावा लागतो. ब्लडप्रेशर आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. उपकेंद्रात, पितळवाडीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. तिथे नुसते रेशनकार्ड दाखवून कुणी उपकार करत नाही. दार सर्वांना उघडे आहे, गरीब असल्याचा पुरावाही लागत नाही. आम्हाला हा निर्णय म्हणूनच आवडतो.

क्षयरोगाचे तर फार जवळचे नाते आहे. मुंबईच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून आलेली माणसे हा आजार गावी घेऊन येतात, आणि लपवतात. सोयरीक मोडेल, वाडी बाजूला बसवेल, ही भीती. तपासणी आणि सहा महिन्यांचे औषध फुकट आहे. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. अनेक पेशंट हे पैसे घेत नाहीत, कारण खाते नंबर दिला की नाव फुटेल असे वाटते. त्यांच्यासाठी झारखंडची हकिगत सांगतो. तिथल्या चार जिल्ह्यांत डॉक्टरांनी क्षयरोग्यांच्या घरांना दरमहा धान्याची पिशवी दिली. घरातल्या माणसांना माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिशवी मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाले, आणि फुप्फुसाच्या, पसरणाऱ्या क्षयाचे त्याहून जास्त. डाळ-तांदळाने. म्हणून हजार रुपये आणि रेशन घेणे हे औषध घेण्याइतकेच गरजेचे आहे, आणि ते न घेण्यातला धोका घरातल्या लहानग्यांना असतो.

रेशनबद्दल दोन गोष्टी. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेले आहे, दुकानदाराच्या मर्जीने नाही. दुसरी गोष्ट मुंबईतल्या वाचकांसाठी. कार्ड गावचे असले तरी देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. म्हणजे मुलगा घाटकोपरला आपला वाटा उचलतो आणि आई उमरठला आपला, असे होऊ शकते. हे माहीत नसल्याने कित्येक घरांचा वाटा दुकानातच राहतो. उलट अडचण म्हाताऱ्यांची. आयुष्यभर विळा-कोयता धरलेल्या, राबाची राख उपसलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत आणि मशीन अंगठा घेत नाही. त्या कारणाने धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. मोबाइलवरचा ओटीपी, डोळ्याची ओळख किंवा आपल्या वतीने धान्य नेणारा माणूस नोंदवणे हे पर्याय आहेत. आजीला "उद्या या" सांगून परत पाठवले तर तिच्याबरोबर दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिकलेले जावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते, असा आमचा अनुभव आहे.

निराधारांच्या योजनेवर मात्र थोडे थांबू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाया, किमान ४० टक्के दिव्यांग, अनाथ मुले, क्षय, कॅन्सर, एड्स, कुष्ठ अशा दुर्धर आजारांमुळे कमावू न शकणारे, तृतीयपंथी अशांसाठी ती आहे. वय ६५ च्या आत. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. महिन्याला १५०० रुपये मिळतात, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २५०० केले. अर्ज तहसील कार्यालयात किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. हे तर फार थोड्यांना ठाऊक असते.

पण अट पाहा. निराधारासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. भागाकार करा, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात एका घराने जगायचे आणि वर आपण खरेच इतके गरीब आहोत हे सिद्ध करायचे. त्यासाठी तलाठी, तहसील, झेरॉक्स, फोटो, एसटीचे भाडे. एक खेप वाया गेली तर दोन दिवसांची मजुरी गेली. "मुलगा मुंबईत आहे ना, मग तुम्ही निराधार कसे?" हा प्रश्न चार माणसांसमोर मोठ्याने विचारला जातो. मुलगा आहे, पण त्याचे भाडेच आठ हजार आहे आणि तो दिवाळीला दोन साड्या घेऊन येतो, हे म्हातारीने टेबलासमोर उभे राहून सांगायचे का? मुलाची अब्रू राखायला ती गप्प बसते आणि अर्ज अडतो. आमच्या मते ही मर्यादा फारच खाली आहे, ती वाढावी अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. दलाल फोफावतात तेही याच फटीत. हजार-दोन हजार घेऊन "काम करून देणारे" प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना पैसे देऊ नका, आणि दिले म्हणून कुणा म्हातारीला बोलूही नका.

अर्ज दिला की पोच घ्यायची, ही सवय लावून घ्या. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या दाखल्यांना आणि सेवांना मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. हातात तारखेची पोच असली की बोलण्याचा सूरच बदलतो. अर्जदाराचाही आणि टेबलापलीकडच्याचाही. टेबलापलीकडे सगळे वाईट असतात असे नाही, हेही नोंदवतो. कित्येक आशाताई आणि ग्रामसेवक स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढून देतात.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचे टेबल असते, भरती होतानाच तिथे कार्ड दाखवावे, डिस्चार्जच्या वेळी नव्हे. चौकशीसाठी १५५३८८ हा फुकट नंबर आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. या दवाखान्यांना सार्वजनिक न्यासाच्या सवलती मिळतात, त्याचाच हा मोबदला आहे. तिथल्या समाजसेवा विभागात बसलेल्या माणसाला "साहेब, उपकार करा" म्हणू नका. "निर्धन खाट शिल्लक आहे का?" असे विचारा.

आपत्तीच्या वेळी ही सारी परीक्षा एकदम होते. या तालुक्यांनी ती दोनदा पाहिली. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. दासगाव हे रा. बा. मोरे यांचे गाव, महाडची परिषद ज्यांच्या धडपडीतून उभी राहिली ते मोरे. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसे गेली. त्याच पावसात उमरठच्या शेजारच्या साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यात माणसे गाडली गेली, आणि महाड शहर सावित्री-गांधारीच्या पुरात बुडाले. मदत आली, खूप आली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून टेम्पो आले, ते विसरता येणार नाही. पण पूरग्रस्त भागात दरवेळी दिसते ते इथेही दिसले, जुन्या फाटक्या कपड्यांचे ढीग. आपल्या घरातले भंगार दुसऱ्याच्या संकटात टाकून देणे याला दान म्हणवत नाही. आणि फोटो. पाच किलो पिठासाठी चिखलात उभ्या बाईने कॅमेऱ्याकडे पाहून हात पुढे करायचा. ज्या समाजाने लांबून टाकलेली भाकरी नाकारली, त्याने तरी असा फोटो काढू नये, काढू देऊ नये.

पुरानंतर लागते काय? कोरडे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, झाकणाची बादली, क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्च, रोजच्या औषधांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स, बायांसाठी आडोसा असलेला संडास. चिखलपाण्यातून चालावे लागले असेल, पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो. उंदराच्या लघवीतून तो पसरतो, ताप आणि पोटऱ्यांत दुखणे ही खूण. अशा वेळी आरोग्य खाते डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देते. त्या त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घ्याव्यात. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दरडीत घरातले माणूस गेले तर राज्य आपत्ती निधीतून ४ लाखांची मदत ठरलेली आहे. पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी. दुःखात ते सुचत नाही, म्हणून हे काम शेजाऱ्याने करायचे.

आणि इथे आपल्या मंडळांचा विषय येतो. कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्यांचे गाव मंडळ आणि मुंबई मंडळ असते. वर्गणी निघते, विहाराला पत्रे चढतात, जयंती होते. मयताला आणि आजाऱ्याला मदतही होते, ती वर्षानुवर्षे होत आली आहे. फक्त एक रीत बदलावी असे आम्हाला वाटते. कुणाला किती दिले ते माइकवरून जाहीर करू नका. हिशेब वहीत असावा, वही कार्यकारिणीने तपासावी, नाव मात्र चारचौघांत घेऊ नये. देणाऱ्यांची यादी वाचा हवी तर. घेणाऱ्याची कशाला? एका वाडीत मंडळाने आजारी माणसाच्या घरी पैसे द्यायला दोन बायका पाठवायची पद्धत ठेवली आहे. त्या जाताना भाजी घेऊन जातात, बसतात, चहा पितात, आणि निघताना पाकीट उशीजवळ ठेवतात. पाकीट मिळाल्याचे सही-शिक्क्याने नंतर वहीत येते. घेणाऱ्याने चहा पाजलेला असतो, म्हणजे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले. आम्हाला ही पद्धत फार शहाणपणाची वाटली.

काय हवे ते आधी विचारा, हे दुसरे. किराणा हवा की गाडीभाडे, की नुसते तहसीलला सोबत येणारे माणूस? पुष्कळदा तिसरेच हवे असते. उत्पन्नाचा दाखला काढायला म्हातारीबरोबर गेलेल्या बारावीच्या मुलीने जे काम होते, ते पाचशे रुपयांच्या पाकिटाने होत नाही. शिवाय "मुलगा कमावतो ना" या प्रश्नाला ती मुलगी सरळ उत्तर देऊ शकते, आजी देऊ शकत नाही.

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असते. सगळी वाडी बसलेली असते. त्यातला एक दिवस कागदांसाठी ठेवावा, असे आम्ही सुचवतो. घरोघरचे आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा आणि दोन फोटो बघायचे. आधार बँकेला जोडले आहे का, नावात फरक आहे का, हे तपासायचे. आधारवर एक नाव आणि पासबुकावर लाडाचे दुसरे, एवढ्यावरून पेन्शन अडलेली माणसे आहेत. ज्यांना पेन्शन चालू आहे त्यांचा वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला गेला का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. तो न गेल्याने जिवंत माणसाचे पैसे थांबतात. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कोनाड्यात नव्हे तर दाराजवळच्या खुंटीला. डोंगर बोलू लागला तर बाहेर पडताना हाताशी यावी म्हणून.